दुखणे बारमाही, तपासणी एका दिवसाची

शासनाच्या कल्याणकारी योजनांचे यशापयश मोजताना आपण सहसा दोनच आकडे पाहतो : निधी किती मंजूर झाला आणि तो किती लाभार्थ्यांपर्यंत पोचला. जे दारापर्यंत येऊन परत गेले, किंवा परत यावे लागेल या धास्तीने घरातून निघालेच नाहीत, त्यांचा हिशेब कोणत्याही अहवालात सापडत नाही. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आणि त्यावर अवलंबून असलेल्या अर्थसाहाय्यासाठी जी तपासणी होते, तिच्या बाबतीत हा न मांडलेला हिशेब लहान नसावा. ज्याचा पाय अधू आहे त्याचे अपंगत्व डोळ्यांना दिसते. पण ज्याला आमवात आहे, सिकलसेल आहे, ज्याच्या मूत्रपिंडांनी काम सोडले आहे, त्याचे दुखणे दिसत नाही. ते सांगावे लागते आणि सांगून पटवावे लागते. हे पटवण्याचे काम आपल्या व्यवस्थेने रुग्णावरच टाकले आहे, आणि त्यासाठी त्याच्या वाट्याला येतात ती काही मिनिटे.

व्याख्या एक, मोजमाप दुसरे

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या क्षेत्रात मोठे पाऊल टाकले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. नव्या कायद्यात ते एकवीस झाले. कंपवात, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल ही दीर्घकाळची दुखणी यादीत आली. १९ एप्रिल २०१७ पासून हा कायदा अमलात आहे. त्याची व्याख्याही उदार आहे. शरीरातील दीर्घकालीन उणीव आणि भोवतालचे अडथळे यांच्या संयोगातून इतरांच्या बरोबरीने जगण्यात जो अटकाव होतो, त्याला हा कायदा अपंगत्व म्हणतो. याचा अर्थ असा, की अपंगत्व केवळ सांध्यात किंवा रक्तात नसते. एस.टी.च्या उंच पायरीत, घरापासून दूर असलेल्या नळात आणि बसता न येणाऱ्या शौचालयातही ते असते.

परंतु लाभ देण्याची वेळ आली, की ही व्याख्या बाजूला राहते आणि टक्केवारी पुढे येते. बहुतेक सवलतींसाठी किमान चाळीस टक्के अपंगत्व लागते. हे टक्के कसे काढावयाचे याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली आणि मार्च २०२४ मध्ये त्यांत सुधारणा केली. हातापायांच्या अपंगत्वासाठी सांध्यांची हालचाल किती अंशांत होते, स्नायूंत ताकद किती आहे, उकिडवे बसता येते काय, मांडी घालता येते काय, जिना चढता येतो काय, असे पाहिले जाते. शस्त्रक्रियेनंतर कायम आखडलेल्या गुडघ्यासाठी ही रीत योग्य आहे. तो गुडघा सोमवारीही तितकाच वाकतो आणि शनिवारीही.

आमवाताचे तसे नाही. त्या रोगात सांधे पहाटे सर्वाधिक आखडलेले असतात. कित्येकांना अंथरुणातून उठून हाताची मूठ वळेपर्यंत तास-दीड तास जातो. दिवस वर येतो तसतसे सांधे मोकळे होतात. रुग्णालयातील तपासणीची वेळ मात्र साधारणपणे सकाळी उशिरा किंवा दुपारची. ज्या हाताने सकाळी पाण्याचा तांब्या उचलवला नव्हता, तोच हात दुपारी डॉक्टरांच्या सांगण्यावरून वर जातो. डॉक्टर खोटे लिहीत नाहीत. त्यांनी जे पाहिले ते ते लिहितात. सिकलसेलचा रुग्ण वेदनेच्या झटक्यात असताना तपासणीला येऊच शकत नाही. येतो तेव्हा तो दोन पायांवर चालत येतो. म्हणजे जो दिवस त्याच्या आजाराचा साक्षीदार आहे, तो दिवस तपासणीत कधीच हजर होत नाही.

एका खेपेची किंमत

औंढा नागनाथ तालुक्यातल्या शिरड शहापुरासारख्या गावाचा विचार करू. हा हळदीचा प्रदेश आहे. शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हंगामात हळद काढणे, शिजवणे, वाळवणे ही कामे चालतात, आणि त्यांतली बरीचशी बसून, वाकून, हातांनी करावयाची असतात. या कामावर जाणाऱ्या बाईला आमवात जडला, तर तिचे पहिले नुकसान मजुरीचे होते, आणि दुसरे, त्या नुकसानीचा पुरावा गोळा करण्याचे. प्रमाणपत्राचा अर्ज १ जून २०२१ पासून ऑनलाइन भरावा लागतो. तपासणीसाठी हिंगोलीला जिल्हा रुग्णालयात जावे लागते. तेथे जुने कागद मागितले, एखादी तपासणी राहिली किंवा संबंधित तज्ज्ञ त्या दिवशी नसले, की पुन्हा यावे लागते. पुढे अर्थसाहाय्यासाठी तहसील कार्यालयातली संजय गांधी योजनेची शाखा, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, आणि दरवर्षी हयातीचा दाखला असतो.

अर्थशास्त्राच्या वर्गात आपण वस्तूच्या किमतीत व्यवहाराचा खर्चही धरण्यास शिकवतो. येथेही तो धरून पाहू. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरवण्यात आली होती. रुग्ण आणि सोबतीचा माणूस, अशा दोघांनी तीन खेपा घातल्या, तर सहा दिवसांची मजुरी बुडते : १,८७२ रुपये. प्रवासभाडे, छायाप्रती आणि बाहेरचे खाणे वेगळे. बिगरदिव्यांग निराधाराला या योजनेतून महिन्याला मिळतात १,५०० रुपये. पहिल्या महिन्याचे साहाय्य हाती येण्यापूर्वीच त्याहून अधिक रक्कम ते मिळवण्यात खर्ची पडते. निरोगी माणसाला ही गुंतवणूक परवडेलही. आजारी माणसाला एका खेपेनंतर दोन दिवस अंथरूण धरावे लागते, आणि त्या दोन दिवसांची किंमत या हिशेबात आलेलीच नाही.

दोन दारे, दोन रकमा

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्राने सुरू केली. तिचे एक वैशिष्ट्य फारसे कोणी लक्षात घेत नाही. अपंगांबरोबरच क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, कुष्ठरोग, एड्स यांसारख्या दुर्धर आजारामुळे ज्यांना स्वतःचा चरितार्थ चालवता येत नाही, त्यांनाही ही योजना खुली आहे. म्हणजे दीर्घ आजाराच्या रुग्णाला दोन दारे आहेत : एक अपंगत्वाच्या टक्क्यांचे, दुसरे दुर्धर आजाराचे. पहिल्या दारातून नकार मिळालेल्या माणसाला दुसऱ्या दाराची माहिती पुष्कळदा कोणी देत नाही.

दोन्ही दारांतून मिळणारी रक्कम मात्र सारखी नाही. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचे साहाय्य दरमहा २,५०० रुपये झाले. इतरांचे १,५०० वर राहिले. ही वाढ स्वागतार्ह आहे. अपंगांचे साहाय्य इतरांहून किमान पंचवीस टक्के अधिक असावे, असे २०१६ च्या कायद्यानेच सांगितलेले आहे. अमर्त्य सेन यांनी त्यामागचे कारण स्पष्ट केले आहे : अपंग व्यक्तीची कमाई कमी होते, आणि तिला तेच जीवनमान गाठण्यासाठी इतरांपेक्षा अधिक पैसा लागतो. परंतु आता अडतीस आणि चाळीस टक्क्यांमधल्या फरकाची किंमत महिन्याला किमान हजार रुपये झाली आहे. सांध्याच्या मापातला एवढासा फरक केवळ तपासणीच्या वेळेनेही पडू शकतो.

उत्पन्नाच्या अटीचेही तसेच. दिव्यांगांना या बाबतीत काहीशी सवलत आहे. पण इतर निराधारांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये आहे. वर दिलेल्या ३१२ रुपयांच्या दराने घरातल्या एकाने वर्षात अडुसष्ट दिवस काम केले, तरी ती ओलांडली जाते. अशी अट काटेकोर पाळली, तर गावात पात्र कोणी उरणार नाही. ती पाळली जात नाही म्हणूनच योजना चालते, आणि ती पाळावयाची की नाही हे कोणाच्या तरी मर्जीवर राहते. अशक्य अट प्रामाणिक माणसाला खोटे बोलण्यास शिकवते, हा तिचा सर्वांत वाईट परिणाम होय.

मूत्रपिंडाच्या रुग्णाची स्थिती तर आणखी चमत्कारिक आहे. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून घेणाऱ्या माणसाला पूर्ण वेळचा रोजगार कोण देणार? आपल्या एस.टी. महामंडळाने डायलिसिसच्या रुग्णांना प्रवासाची सवलत देऊन त्यांची अडचण ओळखली आहे. पण अपंगत्वाच्या एकवीस प्रकारांत मूत्रपिंडाचा विकार नाही. एस.टी.च्या वाहकाला जे दिसते ते कायद्याच्या परिशिष्टाला दिसू नये, हे कसे?

खोट्या प्रमाणपत्रांचा युक्तिवाद

यावर एक उत्तर ठरलेले असते : तपासणी सैल केली, की खोटी प्रमाणपत्रे वाढतील. हा आक्षेप पोकळ नाही. २०२४ साली महाराष्ट्रातल्या एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला आणि सर्वच प्रमाणपत्रांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. खऱ्या अपंगांच्या वाट्याची जागा खोटा कागद दाखवून घेणे हा उघड अन्याय आहे आणि त्याला शिक्षा झालीच पाहिजे.

परंतु कोणत्याही पारखीत दोन प्रकारच्या चुका होतात : अपात्र आत येतो आणि पात्र बाहेर राहतो. पहिली चूक वर्तमानपत्रात छापून येते. दुसरी कोणाला कळतही नाही. म्हणून प्रशासन स्वाभाविकपणे पहिलीला भिते आणि दुसरी सोसते, म्हणजे दुसऱ्याला सोसावयास लावते. खेपा आणि कागद वाढवल्याने लबाड माणूस अडत नाही. त्याच्याकडे वेळ, पैसा आणि ओळख असते. अडतो तो, ज्याला तिसऱ्या खेपेला उठवत नाही. तपासणी कडक असणे आणि ती त्रासदायक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण कडकपणाच्या नावाखाली त्रास वाढवत आहोत.

चढउताराचे आजार मोजताच येत नाहीत, असेही नाही. ब्रिटनमध्ये २०१३ पासून अपंगांच्या भत्त्यासाठी जी पद्धत आहे, तिच्यात एखादी अडचण निम्म्याहून अधिक दिवस येते काय, असे विचारले जाते. एखादे काम एकदा करता येणे पुरेसे धरत नाहीत. ते सुरक्षितपणे, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळेत करता आले पाहिजे. तेथील अंमलबजावणी आदर्श आहे असे नव्हे; नाकारलेल्या अर्जांपैकी जे न्यायाधिकरणापुढे गेले, त्यांतले निम्म्याहून अधिक अर्जदारांच्या बाजूने लागत आले आहेत. तरीही ‘आज वाकता येते काय’ या प्रश्नाऐवजी ‘महिन्यातून किती दिवस वाकता येते’ हा प्रश्न विचारणे शक्य आहे, एवढे त्यावरून सिद्ध होते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा कलही तोच आहे. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या विकास कुमार या उमेदवाराच्या खटल्यात न्यायालयाने २०२१ साली सांगितले, की चाळीस टक्के भरत नाहीत एवढ्यावरून परीक्षेत लेखनिक नाकारता येणार नाही. २०२४ साली ओंकार गोंड या वैद्यकीय प्रवेशाच्या उमेदवाराच्या खटल्यात, केवळ टक्क्यांच्या आकड्यावर न थांबता व्यक्ती प्रत्यक्षात अभ्यासक्रम पुरा करू शकेल काय हे तपासावे आणि नकार द्यावयाचा तर कारणे नोंदवावीत, असे मंडळांना बजावले. हे दोन्ही निर्णय परीक्षा आणि प्रवेशाचे असले, तरी त्यांतले तत्त्व शिरड शहापूरच्या मजूर बाईलाही लागू व्हावयास हरकत नाही.

तयारी म्हणजे बनाव नव्हे

मोजमाप बदलेल तेव्हा बदलेल. तोवर रुग्णाने तपासणीला जाताना तयारी करावी, यात लाज वाटण्याचे कारण नाही. ‘खरे असेल तर तयारी कशाला?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. खऱ्या दाव्याचा फिर्यादीही न्यायालयात कागद लावूनच जातो.

या तयारीतील पहिली अडचण आपल्या बोलण्याच्या सवयीत आहे. ‘कसे काय?’ असे कोणी विचारले, की मराठी माणूस ‘बरे आहे’ म्हणतो. डॉक्टरांनी विचारले तरी तोंडून तेच निघते. विशेषतः स्त्रिया दुखणे सांगण्याला कुरकुर समजतात. ‘स्वयंपाक करता का?’ या प्रश्नाला ‘करते की’ असे उत्तर येते. भाकरी थापायला सून बसते, आपण फक्त चुलीपाशी असतो, आणि महिन्यातले दहा दिवस तेही जमत नाही, हे सांगायचे राहून जाते. मंडळापुढे खरे सांगणे म्हणजे पूर्ण सांगणे. जे होते ते होते म्हणावे. पण किती वेळाने होते, कोणाच्या मदतीने होते, आणि नंतर काय होते, हेही सांगावे. वाढवून सांगू नये. ते धर्माला धरून नाही, आणि व्यवहारालाही धरून नाही. एक अतिशयोक्ती उघडी पडली, की दहा खऱ्या गोष्टी संशयास्पद ठरतात.

दुसरी गोष्ट नोंदीची. तपासणीपूर्वी महिनाभर एका साध्या वहीत रोज दोन ओळी लिहाव्यात : सकाळी उठण्यास किती वेळ लागला, अंघोळ, कपडे, शौच स्वतः झाले काय, किती चालवले, कामावर जाता आले काय, कोणते औषध घेतले आणि त्याने काय झाले. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी घरातल्या शाळकरी मुलाने लिहावे. अशी वही हा कायदेशीर पुरावा नव्हे. पण ती हातात असली, की घाबरलेल्या माणसाला नेमके बोलता येते, आणि सहृदय डॉक्टरांना विचारण्यास धागा मिळतो. जुन्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल आणि दाखल झाल्याचे कागद तारखेप्रमाणे लावावेत आणि मूळ प्रती कोणाच्या हाती सोडू नयेत. आपली रोजची अवस्था पाहणारे माणूस सोबत न्यावे.

तिसरी गोष्ट नकारानंतरची. प्रमाणपत्र नाकारले, तर कारण लेखी मिळणे हा नियमानेच दिलेला हक्क आहे. त्या निर्णयाविरुद्ध नव्वद दिवसांत अपील करता येते, आणि अपिलात अर्जदाराचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागते. तोंडी ‘बसत नाही’ एवढे ऐकून परत येणाऱ्यांना हे ठाऊक नसते. मुदत मुकाट्याने निघून जाते.

कोणी काय करावे

शासनाने करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्यातले बरेचसे बिनखर्चाचे आहे. चढउताराच्या आजारांत एका दिवसाच्या तपासणीबरोबर रुग्णावर नेहमी उपचार करणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा शासकीय रुग्णालयाच्या डॉक्टरांचा वर्षभराचा अभिप्राय विचारात घ्यावा. मंडळाने तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी यावे. चार डॉक्टरांनी औंढ्याला येणे हे चाळीस रुग्णांनी हिंगोलीला जाण्यापेक्षा स्वस्त आहे. हिंगोलीला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा तज्ज्ञ मिळतच नाहीत ही सबबही हळूहळू दुबळी होत जावी. नकाराचे कारण मराठीत आणि अपिलाच्या पत्त्यासह द्यावे. आणि केंद्र शासनाने मूत्रपिंडाच्या विकाराचा विचार करावा. अपंगत्वाच्या परिशिष्टात नवा प्रकार घालण्याचा अधिकार कायद्याने त्याला अधिसूचनेद्वारे दिलेलाच आहे. त्यासाठी संसदेत नवा कायदा करण्याची गरज नाही.

पण शासनाकडे बोट दाखवून मोकळे होण्यासारखा हा विषय नाही. या व्यवस्थेत आज खरी दुर्मिळ वस्तू कोणती, असे विचारले तर उत्तर ‘पैसा’ असे येत नाही. लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाचा एक तास, असे येते. आणि ती वस्तू हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाजवळ आहे. गावातल्या शिक्षकाने रविवारी दोन तास शाळेच्या ओट्यावर बसून अर्ज तपासले, कार्यालयातल्या लिपिकाने अपुरा अर्ज परत करताना काय अपुरे आहे ते कागदावर लिहून दिले, राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याने एका रुग्णाची वही महिनाभर लिहिली आणि तपासणीच्या दिवशी त्याच्यासोबत एस.टी.त बसला, तर कित्येक खेपा वाचतील. लिपिकाची ती दोन ओळींची चिठ्ठी तर त्याच्या नेहमीच्या कामाचाच भाग ठरावी.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्या वेळी सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया ही दुखणी कायद्याने अपंगत्वात धरली जातच नव्हती. खरी संख्या किती, हे पुढच्या गणनेतून काही अंशी कळेल. पण गणना होण्याची वाट न पाहता आपल्या गल्लीतल्या एखाद्या घरी जाऊन, ‘तुमचा दाखला निघाला का?’ एवढे विचारणे आजही शक्य आहे. उत्तर ‘बरे आहे’ असे आले, तर थोडे थांबून पुन्हा विचारावे.